लाहूंच्या चहाझाडांची वयं छापणं थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या युनान प्रांतातले लाहू लोक आणि त्यांची प्राचीन चहाझाडं यांवर लेख आला. बरं वाटलं. मराठीत चहावर लिहायला बसलं की गाडी अमृततुल्यावरून निघते आणि फार तर दार्जिलिंगला पोचते. पण लेखात जिथे झाड आलं तिथे त्याचं वयही आलं. आठशे, हजार, दोन हजार सातशे. माझं चहापत्तीचं किरकोळ दुकान आहे आणि तक्रार आहे ती या आकड्यांबद्दलच.

चहाचं जुनं खोड बऱ्याचदा आतून पोकळ झालेलं असतं. वर्तुळं मोजायची म्हटली तर मधलं लाकूडच उरलेलं नसतं. मग घेर, उंची आणि गावातल्या आठवणी यांवरून अंदाज बांधायचा. आयलाओ पर्वतातल्या जंगली झाडाला २,७०० वर्षं चिकटवली आहेत, फंगछिंग तालुक्यातल्या दुसऱ्या एका झाडाला ३,२०० वर्षं. दोन्हींवर वाद आहेत. आपल्या लेखात मात्र हे आकडे सातबारा उतारा वाचावा इतक्या खात्रीनं आले.

ज्या झाडाबद्दल खरंच सांगण्यासारखं आहे, त्याचा लेखात उल्लेखही नाही. लान्छांग हा लाहूंचा स्वायत्त तालुका, १९५३ साली झालेला. तिथल्या बांगवाई गावात एक झाड आहे, उंचीला बारा मीटरच्या आसपास. त्याची फुलं आणि बी जंगली चहासारखी, पण कोंब आणि पानं मात्र लागवडीच्या चहासारखी. जंगलातलं झाड माणसाच्या हाती येताना मधल्या टप्प्यावर कसं होतं, ते हे झाड दाखवतं. १९९७ मध्ये चिनी टपाल खात्यानं चहावर चार तिकिटांचा संच काढला, त्यात पहिल्या तिकिटावर हेच झाड आहे. हजार वर्षांचं असो की सहाशे, त्याचं मोल काडीनं कमी होत नाही.

आता गावाबद्दल. युनानमधल्याच शीश्वांगबान्ना भागातल्या हकाई डोंगरावर मानमाई ही लाहू वस्ती आहे. तिथे चहाची बाग गावाबाहेर नाही, गावच बागेत आहे. खांबांवर उभी घरं, मधून चहाची झाडं, झाडांखाली डुकरं आणि कोंबड्या मोकळ्या. पानं तोडायला बायका-पुरुष झाडावर चढतात. त्याच दिवशी पाला पसरून सुकवायचा, मोठ्या कढईत हातानं परतायचा, मळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळवायचा. घरी प्यायचा चहा याहून साधा. चुलीच्या निखाऱ्यावर मातीचं छोटं मडकं तापवायचं, त्यात पत्ती टाकून हलवत राहायचं, खमंग वास सुटला की वरून कढत पाणी. चर्र आवाज होतो, फेस वर येतो. दूध नाही, साखर नाही, कोराच. आपल्याकडे कोणाला असा पाजला तर तो आधी तोंड वाकडं करील, हे दुकानदार म्हणून सांगतो.

चीनमध्ये लाहू सुमारे पाच लाख. म्यानमार, थायलंड आणि लाओसमध्येही त्यांची गावं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं पोट चाललं ते शिकारीवर आणि डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर. घरातलं आणि शेतातलं काम नवरा-बायकोनं जोडीनं करायचं, ही त्यांची जुनी रीत आहे. अशा गावांकडे चहाचे व्यापारी गाड्या घेऊन येऊ लागले ते गेल्या पंचवीसेक वर्षांत. फुअर म्हणजे युनानचा, बहुधा दाबून वड्या करून विकला जाणारा चहा. २००७ च्या वसंतात त्याच्या भावाचा फुगा फुटला, व्यापारी बुडाले. पण जुन्या झाडांच्या पाल्याचा भाव पुढे पुन्हा चढला. लाहूंच्या हाती पैसा आला, नवी घरं झाली, याचं मला वाईट वाटत नाही. उलट आजवर स्वस्तात गेलेला माल त्यांनी चढ्या भावानं विकावाच.

वाईट वाटतं ते झाडाचं. भाव वयावर ठरला की प्रत्येक बहर, म्हणजे नवी पालवी, ओरबाडला जातो. सावली देणारी मोठी झाडं तोडली की ऊन वाढतं, पाला वाढतो, आणि चहाचं झाड थकतं. बघे येऊन मुळांवर उभे राहतात, ते वेगळंच. नान्नुओ डोंगरावरचं आठशे वर्षांचं म्हणून गाजलेलं झाड १९९० च्या दशकात वाळून गेलं. बादा डोंगरावरचं सतराशे वर्षांचं म्हणवलं जाणारं झाड २०१२ मध्ये उन्मळून पडलं. युनान सरकारनं प्राचीन चहाझाडांसाठी वेगळा कायदा केला, तो मार्च २०२३ पासून लागू आहे. त्यात जंगली झाडं आणि शंभराहून अधिक वर्षांची लागवडीची झाडं येतात. बघा, कायद्याला शंभर पुरतात. आपल्याला हजार लागतात.

मध्यंतरी एक गिऱ्हाईक ऑनलाइन घेतलेली फुअरची वडी घेऊन आलं. ३५७ ग्रॅमची, वर कागदी वेष्टन, त्यावर झाडाचं चित्र आणि 'एकाच हजार वर्षांच्या झाडाची पत्ती' असं काहीबाही. खरी का, विचारत होतं. मी हिशेब मांडला. किलोभर वाळलेल्या पत्तीला चार-साडेचार किलो ओला पाला लागतो, म्हणजे या एका वडीला दीड किलो. एका झाडाचा वसंतातला पाला मोजकाच, आणि ही वडी वर्षभर हवी तितकी मिळते. मग बाकीचा पाला आला कुठून? डोंगरउतारावर ओळीनं लावलेल्या नव्या झुडपांचा, दुसरं काय! 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा असतो, त्यातलाच हा प्रकार. जुन्या झाडाच्या पाल्याला चव वेगळी असते, हे मी नाकारत नाही. पण ती चव वेष्टनावर छापून येत नाही.

आणखी एक. लान्छांग तालुक्यातच चिंगमाई डोंगर आहे. तिथल्या जुन्या चहा-वनांना सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. ती वनं प्रामुख्यानं ब्लांग आणि दाई लोकांनी राखलेली आहेत. आपल्या लेखानं सगळं लाहूंच्या खात्यावर घातलं. ते ना लाहूंना हवं असेल, ना ब्लांगांना.

हा चहा आपल्याला परका नाही, हेही लेखात यायला हवं होतं. टपरीवरच्या दाणेदार पत्तीची जात तीच, मोठ्या पानांची आसामिका. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला आसामात ही झाडं कळली ती तिथल्या सिंगफो आदिवासींमुळे, आणि सिंगफो आजही बांबूच्या नळीत पत्ती ठासून धुरावर ठेवतात. लाहूंकडेही नळीतला चहा आहे.

या विषयावर पुन्हा लेख छापणार असाल तर झाडाचं वय गाळा. त्याऐवजी गावाचं नाव, पाला वर्षातून किती बहरांत तोडतात, पावसाळ्यात झाडाला विश्रांती मिळते का आणि किलोमागे तोडणाऱ्याच्या हाती काय पडतं, एवढं द्या. माझी गिऱ्हाइकं मग मला हेच प्रश्न विचारतील, आणि मलाही घाऊक व्यापाऱ्याला विचारावे लागतील.

आपला नेहमीचा वाचक,
एक चहापत्ती विक्रेता, सातारा