खांद्याविषयी, पुन्हा एकदा

उदगीर

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

वेळ अमावस्येला शेतात कोपीपाशी आंबिलाचे मडके उचलायला तू उजवा हात पुढे केलास, अर्ध्यावरून मागे घेतलास आणि डाव्या हाताने ते ओढून घेतलेस. तुझ्या आईच्या हे लक्षात आले नाही. मी विचारले, तर "ड्युटी जास्त झाली" एवढेच म्हणालीस आणि जेवणाआधी गुपचूप गोळी घेतलीस.

रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरला निवृत्त मास्तराने काय सांगावे? तरीही लातूरला गेलो तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंना मुद्दाम भेटलो. सोनोग्राफी करणाऱ्यांत हे दुखणे फार आढळते, असे त्या म्हणाल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के जणांनी काम करताना दुखते असे सांगितले होते म्हणे. पण मला अधिक लागले ते त्यांचे पुढचे बोलणे, की शिकताना बसण्याची जी ढब अंगवळणी पडते, तीच पुढे जन्मभर राहते.

गरोदर बाई आधीच अवघडलेली, तिला आणखी कशाला हलवायचे, म्हणून तिला कडेला सरकायला न सांगता तू स्वतःच हात लांबवत असणार. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दंड अंगापासून तीस अंशांहून अधिक दूर जाऊ नये म्हणतात, आणि तू तो तसाच ताणून वर सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचे ते यंत्र, दाबून धरणार, म्हणजे खांद्याला क्षणाचाही विसावा नाही. तिला जवळ सरकव, टेबल आणि स्टूल तुझ्या उंचीला लावून घे, कोपराखाली घडी घातलेली चादर ठेव, आणि मान वळवून पाहावे लागणार नाही असा मशीनचा पडदा फिरवून घे. आधीच्या वरिष्ठांनी लावलेली उंची बदलण्यात त्यांचा अवमान होत नाही.

प्रोब बोटांच्या चिमटीत न धरता सगळ्या तळव्यात धरावा, असेही बाईंनी करून दाखवले. ते पाहताना मला तुझी दुसरीतली शाळेची पाटी आठवली. पेन्सिल तू इतकी आवळून धरायचीस की मधल्या बोटाला घट्टा पडला होता. मी एकेक बोट सैल करायचो आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा आवळलेली असायची. अक्षर मात्र मोत्यासारखे! अजूनही दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात तू गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने लागणारा 'एफ' फॉर्म भरतेस, तो त्याच उजव्या हाताने. म्हणजे ज्याला मधली सुटी म्हणावे, तीही त्या हाताला मिळत नाही.

पाहा, पुन्हा तास घ्यायला लागलो. रागावू नकोस. आपल्या भावकीत डॉक्टर झालेली तू पहिली, बसस्थानकावर कोणी "मास्तर, लेक काय करते?" असे विचारले की मी मुद्दाम सविस्तर सांगतो. म्हणूनच त्या खांद्याची धास्ती वाटते. तुझ्या आत्याचा खांदा धरला तेव्हा तिला वेणी घालता येईना, हे तू पाहिले आहेस. गोळी घेऊन ड्युटी उरकणे हा काही उपाय नव्हे. तुमच्याच इमारतीत अस्थिरोगाचे डॉक्टर बसतात; या आठवड्यात त्यांना दाखव आणि ते काय म्हणाले ते मला कळव. आईला मी काही बोललेलो नाही.

दादा सोमवारी तिकडे येत आहे. त्याच्याजवळ धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पीठ दिले आहे. पिशवी जड आहे. ती वसतिगृहाच्या दारातून तू उचलून नेऊ नकोस, त्यालाच वर आणून ठेवायला सांग.

तुझे
बाबा