सशीला सोडून देऊ नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. पिंजऱ्यात हात घातला की तुझी सशी गुरगुरते, पुढच्या पायांनी फटके मारते, म्हणून घरचे तिला बागेत सोडून द्यायचं म्हणताहेत. कृपा करून तसं होऊ देऊ नकोस. घरात वाढलेला ससा बाहेर जगत नाही, कुत्री-मांजरं त्याला सोडत नाहीत.

तिचा तुझ्यावर राग नाही रे. ती घाबरते. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागचं, वरचं सगळं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. वरून हात आला की तिला घार झडप घालतेय असंच वाटणार! शिवाय पिंजरा म्हणजे तिचं बीळ. ती बाहेर फिरत असतानाच तो साफ कर. तू जमिनीवर बस आणि तिला आपणहून येऊ दे. आली की कपाळावरून हळू हात फिरव. कान धरून तर कधीच उचलू नका. मागचे पाय अधांतरी राहिले आणि तिने जोरात लाथ झाडली, तर कणा मोडू शकतो.

ती सहा महिन्यांची झाली ना? म्हणजे वयात आलीय. जागेवर हक्क सांगणं, कोपऱ्याकोपऱ्यात मुतणं याच वयात वाढतं. नसबंदी करून घे. त्याने हे बरंच कमी होतं आणि माद्यांना पुढे होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. मात्र सशांचा अनुभव असलेलाच डॉक्टर शोध. कुत्र्या-मांजरांसारखं सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवत नाहीत. कुणी तसं सांगितलं तर दुसरा डॉक्टर बघ.

वायरी कुरतडते म्हणून मारू नका. तिचे दात जन्मभर वाढतात. वायरींवर नळी चढव आणि वाळलेलं गवत दिवसभर समोर ठेव, तेच तिचं मुख्य जेवण. गाजर गोड असतं, कधीतरी एखादा तुकडा पुरे.

मागचा पाय फरशीवर आपटला तर तिला धोका वाटतोय. आणि एकदम कुशीवर आडवी पडली तर वहिनींना सांग, घाबरू नका, ती निवांत झालीय.

नागपूरचा उन्हाळा तिला सोसणार नाही. कूलरच्या खोलीत, गार फरशीवर ठेव. आणि 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझाच,
मित्र