सरपण चुलीला टेकवून रचू नका

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की लोखंडी चुलीच्या अंगाला सरपणाची चळत उभी राहते. हाताशी असावे, आणि धगीने ओलही निघून जावी, असा हिशेब असतो. तो हिशेबच घातक आहे.

लाकूड पेटायला ज्योत किंवा ठिणगीच लागते असे नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते नुसत्या धगीनेही पेट घेऊ शकते. शिवाय चळतीतले वरचे ओंडके रोज चुलीत जातात, तळाचे मात्र हंगामभर तिथेच शेकत राहतात. रोजच्या धगीने त्यांचा पृष्ठभाग हळूहळू करपतो आणि मग त्याहून कमी उष्णतेलाही ते धुमसू शकतात. त्यामुळे ‘इतकी वर्षं इथेच रचतोय, काही झालं नाही’ यावर विसंबू नये. तळाचा एखादा ओंडका उपसून त्याची चुलीकडची बाजू पाहा. ती तपकिरी पडली असेल, करपट वास येत असेल, तर चळत आजच हलवा.

अंतर किती? प्रमाणित नसलेल्या चुलीपासून जळाऊ वस्तू ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटर दूर हव्यात, असे अमेरिकेचे ‘एनएफपीए २११’ हे मानक सांगते. सरपणासाठी हे अंतर चुलीच्या चारही बाजूंनी पाळावे. चुलीवरच्या पट्टीत निर्मात्याने जास्त अंतर दिले असेल, तर ते धरावे. मध्ये पत्रा उभा केला म्हणून सरपण पुढे सरकवू नये, पत्राही तापतो.

घरात एका दिवसापुरतेच सरपण आणावे. टोपली किंवा खोका स्वतःच जळतो, म्हणून लोखंडी घोडी बरी. काटक्या, साली, कागद सर्वांत आधी पेटतात. ते सर्वांत लांब ठेवावेत. चुलीचे दार उघडताना निखारा घरंगळतो, तेव्हा समोरची निदान दीड फूट जमीन दगडाची किंवा पत्र्याची हवी आणि तिथला भुसा रोज झाडलेला हवा.

ओले लाकूड चुलीपाशी वरवर सुकते, आत ओल राहते. जळताना त्याचा चिकट डांबरट थर धुराड्यात साचतो आणि पुढे धुराडेच पेटते. सरपण फोडून बाहेर, वारा खेळेल अशा छपराखाली, ओल २० टक्क्यांखाली येईपर्यंत सुकवावे.

राखेचेही तेच. तिच्यात निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात. ती प्लास्टिकच्या बादलीत नको. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा घराबाहेर, सरपणापासून दूर, उघड्या दगडावर ठेवावा.

– एक वाचक