पणजीला या, पण गाडी ठरवून नको

पर्वरी, गोवा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. काकींना जुन्या गोव्याची चर्च बघायची आहेत, मुलांना बोटीत बसायचंय, वहिनींना थोडा बाजार करायचाय, आणि हे सगळं एका दिवसात, खिशाला कात्री न लागता. जमेल रे, आरामात जमेल. फक्त ती दिवसभराची भाड्याची गाडी ठरवू नकोस. तुमच्यासारख्या पाच जणांची सहल महाग होते ती गाडीपायीच. पणजीत पायी हिंडणाऱ्याचा फारसा खर्चच होत नाही, आणि गाडी असली की ती लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

एसटीने या. सावंतवाडीहून कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्याही गाड्या आहेत, पण तुम्हाला एसटीच परवडेल. काकी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना एसटीत तिकीट नाही. वहिनींना अर्धं. मात्र या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच. बांदा ओलांडून गोव्यात शिरलं की पुढचं भाडं पूर्ण पडतं, तेव्हा कंडक्टरने पैसे सांगितल्यावर 'फुकट ना?' म्हणून वाद घालू नका. काकींचं आधार कार्ड आठवणीने घ्या. मुलं दोघंही बाराच्या आतली, त्यांचं अर्ध्या तिकिटात भागेल. रेल्वे स्वस्त खरी, पण तुमचं स्टेशन गावाबाहेर मळगावात आणि आमचं करमळी पणजीपासून लांब. दोन्हीकडे रिक्षा केली की वाचलेले पैसे तिथेच संपले.

रविवार टाळ. पणजीची बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि चर्चमध्ये सकाळी प्रार्थना चालू असते. शनिवार बघ. पहिली गाडी पकडलीत तर उन्हं चढायच्या आत पोचाल.

पणजी स्टँडवर उतरलात की शहरात शिरू नका. तिथूनच फोंड्याकडे जाणारी बस धरा, ती जुन्या गोव्यावरून जाते. साधारण दहा किलोमीटर, तिकीट अगदी किरकोळ. बॉम जेझूचं चर्च आणि समोरचं से कॅथेड्रल, दोन्हीकडे आत जायला पैसे पडत नाहीत. बॉम जेझू १६०५ साली पुरं झालं. बाहेरून त्याला गिलावा नाही, नुसता तांबडा जांभा दिसतो. काकींना तो आपल्या घराच्या पायाचा दगड म्हणून लगेच ओळखू येईल. आत फ्रान्सिस झेवियरच्या शवाची चांदीची पेटी उंचावर ठेवलेली आहे, मुलांना मान वर करून बघावी लागेल. परिसर सपाट आहे, त्यामुळे काकींचे गुडघे दुखणार नाहीत. खांदे झाकणारे कपडे घालायला सांग, आणि बाहेर कुणी गाइड मागे लागला तर नको म्हण. आत काय बघायचं ते मी फोनवर सांगेन. कंटाळा यायच्या आत निघा, सगळी चर्च बघायचा हट्ट नको.

दुपारी एकच्या आत पणजीत या. एकनंतर आमच्याकडची दुकानं मिटतात, तीन-साडेतीनला परत उघडतात. वहिनींनी बाजार आधी उरकावा किंवा थेट संध्याकाळी करावा. जेवणाला मोठ्या हॉटेलात जाऊ नका. पणजीच्या चर्चच्या आसपास कॅफे टाटोसारख्या जागी पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, मुलांसाठी बन्स असं घ्या. मासेच हवे असतील तर जिथे कचेरीतली माणसं जेवतात तिथली शीतकडी, म्हणजे भात आणि माशांचं कालवण, खा. भर समुद्राकाठी बसलं की त्याच ताटाचे दुप्पट मोजावे लागतात.

ऊन टळेपर्यंत पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसा, ते स्टँडपासून चालत जाण्याएवढंच आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. मुलांचा वेगळा विभाग आहे, आणि मराठी पुस्तकं पुष्कळ. पोरांना शहरात आल्यावर हेही बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. शहर म्हणजे नुसती दुकानं नव्हेत.

आता बोट. मांडवी नदीवरच्या क्रूझची तिकिटं पाच जणांची काढलीस तर सगळ्या दिवसाचा खर्च एकीकडे आणि ती एकीकडे. त्यापेक्षा पणजीच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठावर बेतीला जाणारी फेरीबोट पकडा. पायी जाणाऱ्याला एक पैसा पडत नाही. बोट काठाला लागायच्या आधीच स्कूटरवाले इंजिन चालू करतात, मग साखळ्या खडखडत पुढची लोखंडी फळी उताराला टेकते. ओली असते ती, काकींचा हात धर. कठड्याशी उभं राहिलं की वर पूल दिसतात, त्यातला उंच तो २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. मुलांना सांग, १९८६ च्या जुलैत इथला जुना पूल कोसळला तेव्हा नदी ओलांडायला माणसांना या फेरीबोटींचाच आधार होता. पलीकडे उतरून दुसऱ्या बोटीने परत या. बोटीत बसायची मुलांची हौस तिथेच फिटेल.

परतीचं मात्र आधी बघून ठेव. सकाळी स्टँडवर उतरल्याउतरल्या खिडकीवर सावंतवाडीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचार आणि तिच्या आधीची गाडी धर. शेवटचीच्या भरवशावर म्हातारं माणूस घेऊन राहू नये. चुकलीच तर पर्वरीला आमचं घर आहे, लाजू नकोस.

मी दुपारी कामावरून सुटून फेरीच्या धक्क्यावर येईन. काकींना पायऱ्या किती झेपतात तेवढं कळव. झेपत असतील तर बोटीआधी पणजीच्या चर्चपर्यंत सगळे चढू, नाहीतर मी आणि काकी समोरच्या बागेत गप्पा मारत बसू आणि तुम्ही वर जाऊन या.

काकींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनेश