चि. ओंकारला, आजोबांच्या कुत्र्याबद्दल

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला, आजोबांच्या कुत्र्याच्या पुतळ्यावरची सही गूगल केली, पी. जे. मेन या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शिल्पकाराचा पॉइंटर (शिकारी कुत्रा) आहे, लंडनला लिलावात घालूया वगैरे. थांब जरा लेका. त्या कुत्र्यात सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट कुठली असेल तर ती सही. जन्म पॅटर्न शॉपमध्ये गेलाय म्हणून सांगतो, मोल्ड मारताना पॅटर्नवर, म्हणजे वाळूत साचा उठवायला दाबतात त्या नमुन्यावर, जे काय असेल ते सगळं वाळूत उतरतं, ओरखडा असला तर ओरखडा आणि सही असली तर सही. म्हणजे कुणी अस्सल कुत्र्यावरून मोल्ड घेतला तर त्याला मेनचं नाव फुकटात मिळणार.

आधी धातू बघितला. पूर्वी ब्राँझ परवडत नाही त्यांच्यासाठी जस्ताचे पुतळे करून वरून ब्राँझचा रंग द्यायचे, स्पेल्टर म्हणतात. बेसच्या खाली आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही तिथं बारीक कानस मारली, करडं पांढरट निघालं असतं तर विषय तिथंच संपला असता, पण आतून तांबूस पिवळं आलं. तरी खात्री म्हणून गुजरीत ओळखीच्या सराफाकडे टंच काढायच्या मशीनवर ती घासलेली जागा धरून घेतली (दुकानातली गिऱ्हाइकं सोनं सोडून कुत्राच बघत बसली). तांबं भरपूर, कथील, थोडं जस्त. जस्त दिसलं म्हणून बिचकू नको, फ्रेंच फाउंड्रीवाले घालायचेच. पण मशीन धातू सांगतं, वय नाही. हाच मिक्स आज आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीतही ओतून मिळेल तुला.

आता माझ्या कामाचं. कुत्रा उलटा करून आत टॉर्च मारला. पाय बेसला वेगळे बसवलेत, आतून पिना ठोकून रिव्हेट केल्यात, कोपऱ्यात भाजलेल्या कोअरची (पुतळा पोकळ राहावा म्हणून आत घालतात त्या गाभ्याची) वाळू अजून चिकटून आहे आणि स्क्रू आहे तो एका खाचेचा, फिलिप्सचा, म्हणजे अधिकच्या खुणेचा नाही. फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आला, त्यामुळे तो असता तर शंका घ्यायला जागा होती, पण नाही म्हणून सगळं सिद्ध झालं असंही नाही, जुना स्क्रू कुणीही लावू शकतो. मानेखालचे केस आणि पायाच्या शिरा मात्र बघण्यासारख्या आहेत, ओतल्यानंतर कुणीतरी बसून छिन्नीनं एकेक रेघ काढलीय, भिंगातून टोचे दिसतात. असलं काम घाईत होत नाही. आणि गंमत म्हणजे सहीची अक्षरं त्यामानानं बोथट आहेत, कडा गोल झाल्यात. केस धारदार आणि सही मऊ, हे मला खटकतंय. माझा संशय असा की हे तयार कुत्र्यावरून घेतलेलं कास्टिंग आहे आणि केस नंतर कुणी चांगल्या कारागिरानं उठवलेत.

याचा निकाल मापानं लागेल. ब्राँझ गार होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न कॉन्ट्रॅक्शन स्केलनं, म्हणजे आकसणं धरून आखलेल्या पट्टीनं मोठा करायचो. तयार कुत्र्यालाच पॅटर्न केला तर पिल्लू तेवढंच लहान होणार, वीस सेंटीमीटरच्या बेसला तीनेक मिलिमीटर. मेननं काही मॉडेल लहानमोठ्या साइजमध्ये पण काढलीत, पण तो फरक मोठा, नुसत्या डोळ्याला कळणारा, दोनतीन मिलिमीटरचा नसतो. व्हर्नियरनं घेतलेली मापं फोटोत पाठवलीत. तू तिथल्या एखाद्या ऑक्शन हाउसच्या व्ह्यूइंगला जा, हाच पॉइंटर आला असेल तर नाकापासून शेपटीपर्यंत आणि बेसची लांबी घेऊन ये. कॅटलॉगमधल्या आकड्यावर जाऊ नको, ते राउंड ऑफ करतात.

अजून एक. मेन 1879 मध्ये वारला, त्यानंतर जावई ऑग्युस्त केन त्याच्या मॉडेलवरून कास्टिंग काढत राहिला, नंतर सूस फ्रेर या फाउंड्रीनं काढली. म्हणजे सही खरी, मॉडेल खरं, तरी ओतलेलं मेनच्या मरणानंतरचं असू शकतं, आणि किमतीत फरक पडतो. आपल्याकडे सूसचा शिक्का कुठं सापडला नाही.

कागद तर काहीच नाही. आजोबांना मुंबईत गिरणीच्या पारशी मॅनेजरनं दिला असं मी ऐकत आलोय, आत्या म्हणते महाराजांच्या शिकारखान्यातला आहे आणि पंचधातूचा आहे. आत्याच्या घरात स्टीलचा पेलाही पंचधातूचा असतो. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत, एखादा फोटो मिळाला ज्यात मागं टेबलावर कुत्रा दिसतोय तर त्या फोटोला या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त वजन.

आणि तुझी ती "बॅगेत घालून नेतो" आयडिया डोक्यातून काढ. 1972 च्या पुराण वस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं शिल्प आलं की झालं, ते फ्रान्सला ओतलंय का कुंभकोणमला याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. खाजगी माणसाला बाहेर नेता येत नाही, धातूची शिल्पं रजिस्टर पण करावी लागतात. म्हणजे बघ, कुत्रा शंभर वर्षं जुना निघाला तर कोल्हापुरातच राहणार, आणि अलीकडचा निघाला तरच तुझ्याकडे येणार, तेही पुरातत्त्व खात्याकडून पुराण वस्तू नसल्याचं सर्टिफिकेट घेऊन.

आईनं तो तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासायला काढला होता, वेळेत उचलला. वरचा तपकिरी थर गेला की निम्मी किंमत तिथंच गेली. कानावर आणि नाकावर हात लागून लागून लालसर झालंय, ते बरंय, तसंच राहू दे. पायाजवळ फिकट हिरवी पावडर दिसतेय तेवढी मात्र बघायला पाहिजे, पावसाळ्यात वाढेल, म्हणून सध्या सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवलाय.

मापं मिळाली की फोन कर, आणि तोवर आत्याला किमतीचं काही बोलू नको.

बाबा