गाठ पूर्ण काढा, ब्लॉक पाठवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : लसिकाग्रंथींच्या दुर्मिळ अर्बुदांचे (ट्यूमरचे) निदान जिल्हा पातळीवर निसटू नये, यासाठी करावयाची व्यवस्था.

महोदय,

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, दाढ किडली की जबड्याखाली गाठ हाताला लागते, आणि मानेतली गाठ महिनाभर बसली नाही की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. तो संशय रास्तच आहे, कारण गंडमाळा हा आपल्याकडे क्षयाचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. माझी हरकत पुराव्याची वाट न पाहता गोळ्या सुरू होण्याला आहे. ज्या थोड्या रुग्णांना क्षय नसून दुसरेच काही असते, त्यांचे निदान या सहा महिन्यांच्या उपचारामागे दडून राहते. त्यातच क्षयाची गाठ योग्य उपचार चालू असतानाही काही काळ वाढू शकते. त्यामुळे गाठ वाढली तरी डॉक्टर धीर धरायला सांगतात, आणि ते चूक म्हणता येत नाही. मी विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) प्रयोगशाळेत काम करणारा डॉक्टर आहे, आणि हे रुग्ण आमच्या टेबलावर पोहोचतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

या गाठी म्हणजे सुजलेल्या लसिकाग्रंथी. लसिकाग्रंथीत लिम्फोमा हा कर्करोग होतो हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच ग्रंथीला आधार देणाऱ्या पेशींपासूनही एक कर्करोग होतो, त्याला फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक सेल सार्कोमा म्हणतात. 1986 साली तो प्रथम स्वतंत्रपणे वर्णिला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या लांबट पेशी भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये लहान लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) विखुरलेले असतात. हे चित्र पाहून कुणी इतरत्रून पसरलेला कर्करोग म्हणतो, कुणी थायमोमा, म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीचा ट्यूमर. नेहमीच्या पहिल्या चाचण्यांत, म्हणजे केराटिन आणि सीडी45 या प्रथिनांच्या तपासणीत, हा ट्यूमर बहुधा काहीच दाखवत नाही. सीडी21, सीडी23 आणि सीडी35 या प्रथिनांची तपासणी मुद्दाम करावी लागते, आणि ती करायची तर मुळात या आजाराचा विचार कुणाच्या तरी डोक्यात यावा लागतो. शक्य असेल तिथे शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढणे हा याचा मुख्य उपचार आहे. त्यामुळे लिम्फोमा समजून केमोथेरपी सुरू झाली, तर रुग्णाचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर असते. किकुची आजारात, विशेषतः तरुण मुलींत, मानेच्या गाठी आणि ताप येतो आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. पण घाईने पाहणाऱ्याला तीच गाठ लिम्फोमा वाटू शकते. कॅसलमनच्या आजारात एकाच ठिकाणी वाढलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली की रुग्ण सहसा बरा होतो. तोच आजार अनेक ठिकाणी असेल तर एचआयव्ही आणि मानवी हर्पिस विषाणू 8 यांची तपासणी करून निराळा उपचार आखावा लागतो.

हा घोळ वाचवायला फार महागडे यंत्र लागत नाही. बराचसा घोळ होतो तो शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या एका बाटलीत. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्या पाहा : अरुंद तोंडाची औषधाची बाटली, तिच्यात कोंबलेली, न कापलेली सुपारीएवढी गाठ, वर जेमतेम बुडेल इतके फॉर्मलिन (ऊती टिकवणारे द्रावण) आणि लेबलावर फक्त आडनाव. अशा गाठीचा बाहेरचा थर टिकतो, पण आतला गाभा सडतो. पुढे कितीही चांगल्या प्रयोगशाळेत ती नेली, तरी प्रथिनांच्या तपासणीचा भरवसा राहत नाही. गाठीच्या किमान दहापट फॉर्मलिन, रुंद तोंडाचा डबा आणि गाठ मधोमध चिरून ठेवणे एवढे केले तरी निम्मे काम होते. क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीसाठी एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये वेगळा पाठवला, तर क्षय आहे की नाही याचे उत्तरही त्याच शस्त्रक्रियेतून मिळते.

सुईच्या तपासणीचेही असेच आहे. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासणे, स्वस्त आणि सोपी आहे आणि क्षय शोधायला उपयोगी आहे, ती बंद करा असे कुणीच म्हणणार नाही. पण सुईतून सुट्या पेशी येतात, ग्रंथीची रचना येत नाही, आणि दुर्मिळ अर्बुदांचे निदान बरेचसे रचनेवरच उभे असते. म्हणून सुईच्या तपासणीत क्षयाचा पुरावा मिळाला नाही आणि गाठही राहिली, तर पूर्ण ग्रंथी काढून तपासायला हवी. त्याआधी स्टेरॉइड देऊ नये. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ विरघळल्यासारखी होते आणि मग तपासायला हाती काही उरत नाही.

आता पैशांविषयी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भार उचलला आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु योजनेचा दरवाजा उघडतो तो निदान हातात असेल तेव्हा, आणि ज्या रुग्णाला निदानच नाही, त्याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या प्रथिनांच्या तपासणीसाठी, खासगी प्रयोगशाळेत स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात. प्रत्येक महाविद्यालयाने सीडी21 आणि सीडी35 चे अभिकर्मक (तपासणीची रसायने) ठेवावेत, अशी माझी मागणी नाही. वर्षातून क्वचित लागणारी ती बाटली फ्रीजमध्येच मुदतबाह्य होते, आणि मग लेखापरीक्षणात त्याचे उत्तर विभागप्रमुखाला द्यावे लागते. हे अभिकर्मक मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शासकीय केंद्रांत असावेत आणि बाकी जिल्ह्यांनी तिथे ब्लॉक पाठवावेत.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. तो कुरिअरने जाऊ शकतो. तरीही आज यवतमाळ किंवा नंदुरबारचा रुग्ण तोच तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नातेवाइकाला सोबत घेऊन, मजुरी बुडवून परळला जातो आणि टाटा रुग्णालयाच्या परिसरात फुटपाथवर मुक्काम करतो. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने 2012 पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिड हे कर्करोग केंद्रांचे जाळे उभे आहे, म्हणजे तज्ज्ञांचे दुसरे मत मिळवण्याची वाट आधीच मळलेली आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांना त्या वाटेवर अधिकृतपणे उभे करायचे राहिले आहे.

इथे एक प्रशासकीय अडचण आपल्या नजरेस आणतो. जिल्हा रुग्णालये आपल्या विभागाकडे आहेत आणि पॅथॉलॉजिस्ट असलेली वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. ब्लॉक एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना त्याचा खर्च कुणी सोसायचा आणि अहवाल कुणाच्या नावे यायचा, हे स्पष्टपणे लिहिलेले नसेल, तर तो ब्लॉक कपाटातच राहतो. म्हणून दोन्ही विभागांचे संयुक्त परिपत्रक निघावे, अशी विनंती आहे. त्यात डबा आणि फॉर्मलिनचे प्रमाण, गाठ पूर्ण काढण्याचा निकष, निदानाआधीच्या तपासणीचा खर्च योजनेतून भागवण्याची तरतूद, ब्लॉक पाठवण्याची जबाबदारी आणि अहवाल देण्याची मुदत एवढ्या बाबी स्पष्ट असाव्यात. रुग्णाने मागितल्यास ब्लॉक आणि स्लाइड पावतीवर त्याच दिवशी द्याव्यात, हेही त्यात लिहावे. आज त्यासाठी चार खिडक्या फिराव्या लागतात. यांतल्या डबा आणि फॉर्मलिनच्या बाबीला नवी तरतूद लागणार नाही, तिचा आदेश याच महिन्यात काढता येईल.

आपला,
विकृतिशास्त्र विभागातील एक डॉक्टर