एकाच कनेक्शनवरचा दुसरा कॉम्प्युटर बंद पाडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घरातील दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट पूर्ववत सुरू करण्याबाबत

महोदय,

डोंबिवलीतील आमच्या घरी आपले 100 एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. आपण बसवून दिलेल्या डब्याला (मोडेम-राउटरला) लॅनचे, म्हणजे वायरने कॉम्प्युटर जोडायचे, दोन पोर्ट आहेत. एकावर माझा कॉम्प्युटर, दुसऱ्यावर मुलाचा, असे सुरुवातीपासून विनातक्रार चालले होते. गेल्या महिन्यापासून एका वेळी एकच चालतो. घरी आलेल्या आपल्या तंत्रज्ञाने "वरून अपडेट आलाय" एवढेच सांगितले, आणि हेल्पलाइनवर तर सरळ उत्तर मिळाले, "मॅडम, दुसऱ्या कॉम्प्युटरला दुसरे कनेक्शन घ्या."

हे उत्तर मला मान्य नाही. नेमके काय होते ते लिहिते, म्हणजे पुन्हा "वायर तपासा" असे कोणी सांगणार नाही. डबा रीस्टार्ट केल्यावर जो कॉम्प्युटर आधी जोडला जातो, त्याला 192.168.1.2 हा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळतो. दुसऱ्याच्या पोर्टचा दिवा लागतो, पण त्याला पत्ता मिळतो तो 169.254 ने सुरू होणारा. डब्याकडून पत्ता आला नाही की कॉम्प्युटर स्वतःच असा पत्ता घेतो. वायरी अदलाबदल केल्या तरी हेच. म्हणजे वायर ठीक, पोर्ट ठीक, दोन्ही कॉम्प्युटर ठीक. डब्याने द्यायच्या पत्त्यांची संख्या मात्र एकावर आणून ठेवली आहे. डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड आपण ग्राहकाला देत नाही, त्यामुळे हा बदल आपल्याकडूनच झाला आहे.

दोन कॉम्प्युटर जोडल्याने आपले काय जास्त जाते? बाहेरून आमचे कनेक्शन एकच दिसते. 100 एमबीपीएसचे 200 होत नाहीत, तेच दोघांत वाटले जातात. डेटाही माझ्याच मर्यादेतून कापला जातो. एक कनेक्शन घरातल्या इतर कॉम्प्युटरना देण्याची सोय 1999 मध्ये आलेल्या विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीतच होती. प्लॅनच्या कागदावर "एकच कॉम्प्युटर" अशी अट कुठेही नाही. मी तो पुन्हा वाचून पाहिला आहे.

तंत्रज्ञाने सुचवले की माझ्या कॉम्प्युटरमधून मुलाच्या कॉम्प्युटरला नेट द्या. त्यासाठी माझ्या कॉम्प्युटरला आणखी एक नेटवर्क कार्ड लागेल, आणि मुलगा रात्री अभ्यासाला बसला की माझा कॉम्प्युटरही तोवर चालू ठेवावा लागेल. आपल्या बदलाचा खर्च आणि वीजबिल आम्ही का सोसायचे?

मी घरून जीएसटीची रिटर्न भरते. त्यातले 3बी हे दरमहाचे रिटर्न भरायची शेवटची तारीख 20 असते. उशीर झाला तर माझ्या अशिलाला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क बसते. याच 20 तारखेला मुलाची ऑनलाइन परीक्षा होती. त्याचा पेपर संपेपर्यंत पोर्टल उघडता येत नव्हते. शुल्क बसले नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या कनेक्शनवर आई आणि मुलाने पाळ्या लावाव्यात, याचा मला मनापासून राग आला आहे.

तरी पत्त्यांची मर्यादा काढून डबा पूर्वीसारखा करून द्यावा. ते जमत नसेल तर डबा ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे पत्ते वाटण्याचे काम त्याच्याकडून काढून) कनेक्शनच्या लॉगिनचा तपशील द्यावा, मी स्वतःचा राउटर लावीन. ज्या काळात एकच कॉम्प्युटर चालला त्या काळाचे भाडे बिलातून वजा करावे. आणि दुसऱ्या कनेक्शनची सक्ती हा खरोखरच आपला नियम असेल, तर तो मला लेखी कळवावा.

हेल्पलाइनने दिलेला तक्रार क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर लिहिला आहे. समाधान झाले नाही, तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या तक्रार निवारण नियमांनुसार आपल्याच अपील प्राधिकरणाकडे मी अपील करणार आहे. पुढची 20 तारीख येण्याआधी माणूस पाठवावा, ही विनंती.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: चालू बिलाची प्रत, दोन्ही कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगचे फोटो